वालाच्या गाठी

वाडीत वालाचं बी एकाच घरातून निघायचं, आणि ते घर राहीचं. बदलापूर गावाकडून बारवी धरणाच्या अंगाला निघालं की रस्ता सोडून डोंगराकडे एक पायवाट फुटते, त्या पायवाटेच्या टोकाला ही वाडी. भाताची कापणी उरकली, खाचरातली ओल अजून तळपायाला लागत असली, की बाया सुपं घेऊन राहीच्या ओटीवर हजर व्हायच्या. राही मडक्यातलं बी राखेतून चाळून काढायची आणि कुणाला किती द्यायचं ते तोंडं बघून ठरवायची. तेवढ्या चार दिवसांत तिचा तोरा असा असायचा, की सख्ख्या सासूनंही तिच्याशी अदबीनं बोलावं.

यात जादू काही नव्हती. बाकीच्यांचा वाल हिरवा असतानाच तोडला जाई. शेंगांच्या टोपल्या घेऊन बाया बदलापूरच्या बाजारात बसायच्या, एखादी धीट असली तर शेअर रिक्षानं उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पाच्या बाजारात जायची. तिथल्या सिंधिणी घासाघीस करकरून का होईना, टोपली रिकामी करायच्या. मग बियाला दाणा उरणार कुठून? राही मात्र एक खाचर राखायची. त्यातल्या शेंगेला कुणाचा हात लागू द्यायची नाही, नवऱ्याचासुद्धा नाही. शेंगा झाडावरच खडखडीत वाळायच्या, मग विळ्यानं वाल कापायचा आणि झोडायचा. मूळ तसंच भुईत राहायचं. हिरवा वाल मुळासकट उपटायचा नाही, असा तर वाडीचा दंडकच होता. कुणी घालून दिला ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कुणाला सुचलंही नव्हतं.

राहीच्या खाचराला लागूनच धाकट्या दिराचं, गोमाचं खाचर. मध्ये फक्त बांध. गोमा आणि त्याची बायको येसू दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायची, त्यामुळे भातानंतर त्यांचं रान उघडं पडायचं आणि त्यात वाडीची ढोरं चरायची. येसू बोलायला गोड, हसायला मोकळी, आणि राहीच्या मते अकलेनं बेताची. भट्टीवर राबणाऱ्या जावेबद्दल राहीला तशी मायाच होती. जी आपल्या बरोबरीला येऊ शकत नाही तिच्यावर माया करायला काय जातं?

पण एकोणनव्वद साली गोमाच्या पाठीत उसण भरली आणि भट्टी चुकली. येसू सूप घेऊन राहीच्या ओटीवर आली. "जाऊबाय, औंदा आमी पन वाल टाकावा म्हनतो." राहीनं मडक्याच्या तळाचं बी दिलं, फुटकं-तुटकंही फारसं निवडलं नाही. "घे. पन वाल म्हंजे विटा नाय हो, थापल्या न झाल्या." येसू हसली आणि पदरात बी बांधून गेली.

दुसऱ्याच दिवशी सरस्वतीबाई आल्या. या सरस्वती गायकवाड अंबरनाथच्या. वडील तिथल्या कारखान्यात कामाला होते. त्या उल्हासनगरच्या एका कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकवायच्या आणि वालावर काहीतरी मोठा अभ्यास करत होत्या. खांद्याला पिशवी, पायात बूट, टेकडी चढून आल्यामुळे तोंड लाल झालेलं. गेल्या सालीही त्या एकदा वाडीत येऊन गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना पायवाटेवर बघताच राहीनं ओटी झाडली आणि घोंगडी अंथरली. वालाचा अभ्यास करणारी बाई वाडीत आली तर ती वालाच्या मालकिणीकडे येणार, यात शंका घ्यायला जागाच कुठं होती? बाई आल्या, राहीकडे बघून हसल्या, हात जोडले, आणि सरळ पुढं जाऊन येसूच्या अंगणात बसल्या.

राही त्या घोंगडीकडे बघत उभी राहिली. मग तिनं ती उचलून इतक्या जोरानं झटकली की कोंबड्या पळाल्या.

बाईंना म्हणे असं रान हवं होतं, जिथं वाल कधी झालाच नाही. हे राहीला सासूकडून कळलं, पण तिच्या गळी उतरलं नाही. इतकी वर्षं जिचं बी सगळी वाडी पेरते तिला सोडून बाई ओसाड रान शोधत येते, असं कधी असतं का? येसूनंच गोडगोड बोलून बाईला वळवलं असणार. दुसऱ्या सकाळी बाई पुन्हा आल्या तेव्हा राही बांधाआडून बघत होती. येसूनं बी धुऊन राख काढली. बाईंनी गुळाचं पाणी केलं, पिशवीतून काळी भुकटी काढली आणि दोघींनी मिळून ती बियाला हलक्या हातानं चोळली. मग सावलीत फडकं पसरून बी सुकत टाकलं.

"काय गो येसू," राहीला राहवलं नाही, "बियाला गूळ? वालाचं लगीन लावताव काय?"

"बाय म्हनतात, गुळानं भुकटी चिकटून ऱ्हाते. शेंगा पन तोडू नको म्हनल्यात, झाडावरच वाळू दे. त्याना दाना तोलून बघाचाय."

राही हसली, पण आतून जळली. म्हणजे येसूसुद्धा खाचर राखणार! सगळ्या वाडीत वाळका दाणा दोनच घरांत होणार, आणि पुढच्या साली बाया सुपं घेऊन कोणत्या दारात जातील ते काही कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं.

वाल उगवला. पंधरवडाभर दोन्ही खाचरं सारखीच दिसत होती आणि राहीला घास गोड लागत होता. मग हळूहळू फरक पडायला लागला. राहीचा वाल नेहमीसारखा चांगला होता, पण येसूचा असा काळाभोर हिरवा झाला की बांधावर उभं राहिलं तर आंधळ्यालाही कळावं. कौसाबाई म्हणजे वाडीतली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात लांब जिभेची बाई. ती पाण्याला जाताना बांधावर थांबली. "राहे, तुज्यापरीस येसूचा जोरात हाय गो."

एवढंच म्हणाली आणि हंडा सावरत गेली. पण ते वाक्य राहीच्या घरात येऊन बसलं. भाकरी थापताना ते आठवायचं, लाकडं फोडताना आठवायचं. येसूचं खाचर दिसू नये म्हणून ती विहिरीला लांबच्या वाटेनं जायला लागली, आणि येताना मुद्दाम बांधावरून यायची. आपल्याच मडक्याच्या तळाचं बी! तेही फुटकं! तिला वाटायचं, गुरं शिरावीत, कीड पडावी, काहीही व्हावं. असं वाटतं म्हणून स्वतःची लाजही वाटायची, आणि त्या लाजेचा रागसुद्धा ती येसूवरच काढायची.

एका दुपारी सगळी वाडी जेवून आडवी झाली होती. राही बांध ओलांडून येसूच्या खाचरात शिरली. त्या काळ्या भुकटीत काय आहे ते बघायचंच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. हिरव्या वालाला हात घालताना ती क्षणभर अडखळली, मग दंडक गेला उडत म्हणून एक झाड तिनं मुळासकट उपटलं. माती झटकली. मुळांना गाठी होत्या. हरभऱ्याएवढ्या, मोहरीएवढ्या, घोसानं लागलेल्या. तिनं एक गाठ नखानं फोडली. आत लालभडक.

राही आधी भ्याली. मग तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

झाड पदराखाली घेऊन ती कौसाबाईकडे गेली. कुणाला सांगू नको, असं बजावून तिनं ते दाखवलं. कौसाबाईला असं बजावणं म्हणजे दवंडी पिटवणंच होतं. दिवस मावळायच्या आत घराघरांत एकच बोलणं. येसूच्या वालाला रोग लागलाय, मुळांत रगताच्या गाठी झाल्यात, त्या काळ्या भुकटीनंच केलंय. कुणी म्हणालं रोग, कुणी म्हणालं करणी. एकजण तर सरस्वतीबाईंबद्दल नको ते बोलला, आणि राहीनं ते ऐकून घेतलं. बाया येसूच्या अंगणातून जायच्या बंद झाल्या. तिच्या घरचा विस्तवसुद्धा कुणी नेईना.

येसू राहीकडेच आली. दुसरीकडे जाणार तरी कुठं? तिचे डोळे सुजले होते. "जाऊबाय, तुमी बगा ना येकदा. तुमाला वालातलं कळतं. खरंच रोग हाय का गो?"

"मना काय ठावं," राही चुलीकडे तोंड करून म्हणाली. "लोकं बोलतात ते मी पन ऐकते. तुला मी तवाच बोलले व्हते, वाल म्हंजे विटा नाय."

येसू पदरानं डोळे पुसत उंबऱ्यातून माघारी गेली. राहीला वाटलं होतं, आता तरी जीव थंड होईल. तसं काही झालं नाही, पण रात्रीची झोप मात्र लागली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर कौसाबाईनंच काडी लावली. "राहे, बांधाला बांध तुजा. तुज्या वालाची मुळं बगितलीस काय?"

"माज्या वालाला काय झालंय?" राही म्हणाली.

"मी कुटं बोलले झालंय? सकाळी येतो आमी समद्याजनी. बगू, म्हंजे जिवाला घोर नको."

राही भरला हंडा तसाच टाकून खाचरात गेली. बांधालगतचं एक झाड उपटलं. गाठी! असेल, बांधापलीकडून आल्या असतील. तिनं मधलं झाड उपटलं, मग पार ओढ्याकडच्या कोपऱ्यातलं. गाठी, गाठी, गाठी. फोडल्या तर आत तेच लाल.  येसूचा रोग आपल्या खाचरात आलाय, याचा तिला राग आला नसता तर नवल. पण रागाहून मोठी होती भीती. उद्या सगळ्या बाया इथं उभ्या राहणार आणि म्हणणार, राहीच्या बियालाच रोग होता, तिच्याच मडक्यातून तो येसूकडे गेला. मग इतक्या वर्षांचं नाव मातीत जाणार. रोगाची बोंब तिनंच मारलेली, आता ती परत तिच्याच तोंडात कशी घालायची?

तिचा नवरा कान्हा जांभूळ गावाला पाण्याच्या कामावर खणायला गेला होता. विचारायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी तिनं विचारलं नसतं. तिनं पदर खोचला आणि उपटायला सुरुवात केली. फुलावर आलेला वाल, काहींना कोवळ्या शेंगा धरलेल्या. उन्हं उतरेपर्यंत ती उपटत होती. हातांची सालं निघाली. पेंढ्यावर सगळा ढीग घातला आणि पेटवला. हिरवा पाला काही नीट जळेना, नुसता धुमसत राहिला, आणि तो धूर सगळ्या वाडीवर पसरला.

कान्हा आला तेव्हा ती राखेशेजारी बसली होती. "काय केलंस हे?" तो म्हणाला.

"येसूचा रोग आला व्हता. जाळला."

 तसा कान्हा बायकोसमोर फारसं कधीच बोलत नसे. पण त्या दिवशी तो जेवलाही नाही. सकाळी बाया आल्या, त्या राख बघून माघारी गेल्या.

पुढच्या आठवड्यात सरस्वतीबाई आल्या. येसूनं धावत जाऊन त्यांचा हात धरला, खाचरात नेलं आणि रडत रडत एक झाड उपटून दाखवलं. आणि बाईंनी काय करावं? त्या चक्क हसायला लागल्या. पोर पहिल्यांदा चालल्यावर आई हसते तशा. "अगं येसू, हेच तर हवं होतं! रडतेस काय वेडे, बोलाव सगळ्यांना."

वाडी येसूच्या अंगणात गोळा झाली. राही आपल्या ओटीवरच बसली होती, पण सगळं ऐकू येत होतं. बाई सांगत होत्या, हा रोग नाही. वालाचं मूळ जमिनीत वाढतं तेव्हा त्यातून एक रस पाझरतो. आपल्याला तो दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. पण जमिनीच्या ओलीत बारीक जंतू पोहत असतात, त्यांना तो बरोबर कळतो.

"नाक असतं काय त्याना?" कौसाबाईनं विचारलं.

"नाक नाही, आजी. त्यांच्या अंगालाच तो रस ओळखायची सोय असते. आणि पोहायला शेपटी. रस दाट होत गेला की ते तिकडंच जात राहतात. पातळ व्हायला लागला की वळतात, पुन्हा शोधतात. असं करत मुळापाशी पोचतात. पोचले की तेही आपली खूण पाठवतात. ती मुळाला पटली तर मुळाचा बारीक केस वाकडा होतो आणि त्यांना आत घेतो. परक्या जातीचा जंतू असला तर दार उघडत नाही. आत आला की मूळ त्याला खोली बांधून देतं, ती ही गाठ. जंतू हवेचं खत करून झाडाला देतो आणि झाड त्याला गोडधोड खाऊ घालतं."

"म्हंजे घरजावईच की गो!" कौसाबाई म्हणाली आणि अंगण हसलं.

"न ते रगत?" कुणीतरी विचारलं.

"ते आपल्या रक्तासारखंच दिसतं, पण झाडाचंच असतं. गाठ आत लाल असली म्हणजे जावई कामाचा आहे असं समजा. पांढरी असली तर नुसता खातोय. येसूच्या रानात वाल कधी नव्हता, म्हणून हे जंतूही नव्हते. ते त्या भुकटीतून आले." मग बाईंनी राहीच्या घराकडे मान वळवली. "आणि भुकटीतले कुठले, सांगू? राहीताईंच्या खाचरातले. वाडीत सगळ्यात जुना वाल त्यांचा. गेल्या साली कान्हाभाऊंनी मला चार झाडं मातीच्या ढेकळासकट दिली होती. त्या मुळांत बरेच प्रकारचे जंतू होते, काही कामाचे, काही आळशी. त्यातले कामाचे तेवढे मी निवडून वाढवले. आज मुद्दाम त्यांच्याकडेच आले आहे. माझ्याकडचे थोडे मरगळलेत, मला ताजी मुळं हवीत. राहीताई, द्याल ना?"

सगळी तोंडं राहीच्या ओटीकडे वळली. कान्हा जमिनीकडे बघत होता. बायकोला न विचारता हिरवा वाल उपटून दिला, म्हणून वर्षभर गप्प बसलेला माणूस तो.

"नाय," राही म्हणाली. "जाळला मी."

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्या उठून खाचरात गेल्या. काळ्या पडलेल्या राखेपाशी उकिडव्या बसल्या आणि बोटांनी माती चिवडली. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं, पण त्या राहीला टाकून काही बोलल्या नाहीत. "मातीत असतील ते अजून," एवढंच म्हणाल्या. "इतक्या लवकर मरत नाहीत. मूळ आलं की येतील. पुढच्या साली फक्त बी टाका."

बी! मडकं झटकून राहीनं औंदाचं सगळं बी वाटलं होतं. बाकीच्यांच्या शेंगा हिरव्याच बाजारात जाणार होत्या. आता वाडीत वाळका दाणा एकाच खाचरात होणार होता.

ते वर्ष राहीनं कसं काढलं ते तिचं तिला ठाऊक. मनातल्या मनात तिनं एक हिशोब मात्र पक्का केला होता, आणि तोच तिचा आधार होता. येसूच्या खाचरात येसूचं होतं काय? बी माझं. जंतू माझ्या रानातले. जमीन सासऱ्याची. शिकवलं त्या बाईनं. येसूनं केलं काय, तर नुसता गूळ चोळला. उद्या कुणी येसूचं कौतुक केलं तर हे तोंडावर मारायचं, म्हणून तिनं ते घोटून घोटून पाठ केलं. भात लावताना म्हटलं, कापताना म्हटलं.

भात निघालं आणि बाया सुपं घेऊन निघाल्या. येसूच्या अंगणात. राही दुपारपर्यंत घरातच होती. मग कान्हाकडे न बघता तिनं सूप उचललं. खाचर ओसाड ठेवून ढोरं चारायची तिची छाती नव्हती. ती अंगणाच्या कडेला सगळ्यांच्या मागं उभी राहिली.  आता राही काय करते, याची जी ती वाट बघत होती, आणि कौसाबाई तर पुढं सरकून बसली.

येसूनं तिला बघितलं. हातातलं माप खाली ठेवलं, मडकं बाजूला सारलं आणि आतून वेगळी राखलेली गाठोडी आणली. टपोरे, एकसारखे, निवडून ठेवलेले दाणे. तिनं राहीचं सूप भरलं.

"येसूचं बी औंदा लई ग्वाड दिसतंय," कौसाबाई म्हणाली, राहीकडे बघत.

राहीनं तोंड उघडलं. वर्षभर पाठ केलेलं सगळं ओठांवर आलं होतं.

"माजं कुटलं गो आजे," येसू म्हणाली. "बी जाऊबायचं, न ते जंतू पन त्यांच्याच रानातलं. मी नुसता गूळ चोळला." आणि तिनं आणखी एक ओंजळ सुपात टाकली.

 राहीचं शेवटचं जे होतं, तेही येसूनं सगळ्यांसमोर तिच्या हातात आणून दिलं होतं, आणि देताना तिच्या आवाजात कुठं खोच नव्हती. असती तर राहीनं सूप तिथंच पालथं केलं असतं. ती घराकडे चालायला लागली. सूप जड होतं. बांधावर आल्यावर तिला वाटलं, बी माझं, जंतू माझे, हे खरंच. पण हे जे आत्ता हिनं केलं, ते मात्र हिचं स्वतःचं. ते माझ्या मडक्यातून गेलं नव्हतं, कुठल्या भुकटीतूनही आलं नव्हतं. त्याचा तिला जेवढा हेवा वाटला तेवढा काळ्याभोर वालाचाही कधी वाटला नव्हता.